रजिस्टरातले बाकीचे रकाने

मा. मुख्य कार्यकारी अधिकारी,
जिल्हा परिषद, हिंगोली
यांस,



सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि मराठवाड्यातली जुनी दप्तरे एकेक करून बाहेर निघू लागली. मराठा आरक्षणासाठी निझामकालीन कुणबी नोंदी शोधायच्या होत्या. महसूल, पोलीस, तुरुंग यांच्या कागदांबरोबर शाळांची प्रवेश-निर्गम रजिस्टरेही टेबलावर आली. मोडी वाचणारे शोधले गेले, उर्दू वाचणारे शोधले गेले. ज्या वह्या वर्षानुवर्षे कपाटाच्या खालच्या खणात बांधून पडल्या होत्या, त्यांची पाने स्कॅन झाली. पुढे २ सप्टेंबर २०२५ ला हैदराबाद गॅझेटिअरचा शासन निर्णय निघाला आणि आजोबा-पणजोबांचा उतारा मागायला माणसे पुन्हा शाळांच्या पायऱ्या चढली. ज्याच्या लेकराचा प्रवेश आणि नोकरी त्या एका नोंदीवर अडलेली आहे, त्याने ती शोधावीच. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

हे पत्र त्या वहीतल्या बाकीच्या रकान्यांबद्दल आहे. जातीचा रकाना वाचून झाल्यावर वही मिटली जाईल, पुन्हा बांधून खालच्या खणात जाईल, आणि आपल्या जिल्ह्यातल्या सरकारी माध्यमिक शिक्षणाचा इतिहास लिहिण्याची बहुधा शेवटची संधी तिच्याबरोबर बांधली जाईल. म्हणून आपल्याला जाहीरपणे लिहितो आहे. मी प्रशालांत शिकलो, प्रशालांतच शिकवले, आणि जनरल रजिस्टर माझ्या हाताने भरले आहे.

त्या रजिस्टराच्या एका ओळीत काय काय असते, ते आपल्याला ठाऊक आहे. अनुक्रमांक, नाव, बापाचे नाव, धर्म-जात, जन्मगाव, जन्मतारीख, आधीची शाळा, कोणत्या इयत्तेत आला, केव्हा गेला, का गेला, शेरा. माझ्या वडिलांच्या दाखल्यावर जन्ममहिना खुर्दाद आणि साल १३४१ असे आहे. निझामाच्या राज्यात सरकारी कामकाज फसली सनावर चाले. ऑक्टोबरात आजूर महिन्याने वर्ष लागे, मग दै, बहमन, इस्फंदार असे महिने येत. खुर्दाद १३४१ म्हणजे १९३२ चा एप्रिल. त्याच फसली वर्षात, १५ जुलैला, कळमनुरी तालुक्यातल्या नांदापुरात नरहर कुरुंदकर जन्मले. म्हणजे महाराष्ट्राच्या विचारविश्वात मानाने बसलेली ती पिढी आमच्या रजिस्टरात अशा महिन्यांनी नोंदली गेलेली आहे. पुढच्या पिढीच्या नोंदीत हे महिने दिसत नाहीत. तिथे गुरुजींनी अंदाजाने घातलेली १ जून ही तारीख पानामागून पान भेटते. घरात जन्माची नोंद ठेवायची रीत नव्हती, तेव्हा शाळेने माणसाला वाढदिवस दिला.

निझामाच्या राज्यात शाळांच्या पायऱ्या अशा होत्या: तहतानिया म्हणजे प्राथमिक, वस्तानिया म्हणजे मिडल, आणि फौकानिया म्हणजे हायस्कूल. शाळेला मदरसा आणि मुख्याध्यापकाला सदर मुदर्रिस म्हणत. १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले. इंग्रजी सोडून एका देशी भाषेत विज्ञान, कायदा, वैद्यक शिकवण्याचे धाडस त्या विद्यापीठाने केले, हा त्याचा मान त्याला दिलाच पाहिजे. पण ती भाषा उर्दू होती. संस्थानात घरी उर्दू बोलणारे शेकडा दहा-बारा, मराठी बोलणारे सुमारे चौथा हिस्सा, तेलुगू बोलणारे जवळजवळ निम्मे. विद्यापीठ उर्दूत गेल्यावर हायस्कूललाही तोच रस्ता धरावा लागला. मराठी घरातले पोर पहिली इयत्ता मायबोलीत शिके आणि वर गेले की रियाजी, तारीख, जुगराफिया शिकू लागे. गणित, इतिहास, भूगोल तेच, पण घरी कुणाला विचारण्याची सोय संपलेली. वरच्या वर्गात पोचणारी मुले का इतकी थोडी होती, याचे निम्मे उत्तर गरिबीत असेल, तर निम्मे इथे आहे. संस्थान संपले तेव्हा त्यात लिहिता-वाचता येणारी माणसे शेकड्याला दहासुद्धा नव्हती.

त्या उर्दूने काही दिलेही. सेतुमाधवराव पगडी याच राज्यात वाढले, इथेच अधिकारी झाले, आणि मोगल दरबाराची फारसी बातमीपत्रे त्यांनी मराठीत आणली. मराठ्यांच्या इतिहासाची केवढी तरी बाजू त्यामुळे उजेडात आली. आमच्या लहानपणी कचेरीतले म्हातारे कारकून बोलता बोलता शेर म्हणत, ते मदरशातूनच आलेले. हे सगळे पुसून टाकावे असे मला कधी वाटले नाही. फक्त एका भाषेच्या उंबरठ्यावर किती मुले अडखळली, याचा हिशेब व्हावा असे वाटते, आणि तो हिशेब प्रत्येक इयत्तेच्या पटात लिहून ठेवलेला आहे.

मराठवाड्यातल्या खासगी राष्ट्रीय शाळांची कहाणी आपल्याला बरीच माहीत असते, आणि ती माहीत असायलाच हवी. खासगी शाळा काढायची तर सरकारची आधी परवानगी घ्या, असा नियम १९२० च्या दशकात आला. त्या काळात हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा १९२१ पासून चालली. व्यंकटेश भगवान खेडगीकर नावाचे मुख्याध्यापक तिथे आणि पुढे मोमिनाबादेत, म्हणजे आजच्या अंबाजोगाईत, मुले घडवीत राहिले. तेच स्वामी रामानंद तीर्थ. अनंत भालेरावांच्या ‘हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा’ या ग्रंथामुळे तो काळ आपल्या हाताशी आहे. पण सरकारी शाळेत बसणाऱ्या पोराचे काय? त्याच्यावर कुणी ग्रंथ लिहिला नाही. १९३८ मध्ये वंदे मातरम् म्हणण्यावरून जी ठिणगी पडली, ती सरकारी कॉलेजांच्या वसतिगृहांत. औरंगाबादेत आणि उस्मानियात मुलांची नावे काढून टाकली गेली आणि नागपूर विद्यापीठाने त्यांना जवळ केले. त्यांत पुढे पंतप्रधान झालेले नरसिंह राव होते. तेव्हा सरकारी मदरसा म्हणजे राजनिष्ठांचा कारखाना, हे समीकरण फार सोपे आहे. आपल्या तालुक्यांतल्या शाळांमध्ये त्या वर्षी काय झाले, किती मुले हजेरीपटावरून गळली, हे आपल्याला मस्टर सांगेल.

हिंगोली हे गाव मुळात छावणीचे. हैदराबाद कंटिन्जंटची फौज १९०३ पर्यंत इथे होती. ती गेली, पण पलटण, तोफखाना, रिसाला बाजार ही मोहल्ल्यांची नावे राहिली. कापसाची पेठ होती, आणि १९१२ मध्ये पूर्णेहून रेल्वे आली. अशा गावाच्या शाळेत कोण कोण एका बाकावर बसले असेल? पेन्शनर शिपायाचा मुलगा, मारवाडी आडत्याचा, खेड्यातून येऊन नातेवाइकाकडे राहिलेला कुणब्याचा, तांड्यावरचा, महारवाड्यातला. महारवाड्यातला मुलगा पहिल्यांदा कोणत्या साली आला, मुलीचे नाव त्या वहीत पहिल्यांदा कधी लागले, तांड्यावरचा पहिला मॅट्रिक कोण, हे प्रश्न मला जिल्ह्याच्या इतिहासातले सगळ्यात मोठे प्रश्न वाटतात. त्यांची उत्तरे द्यायला आपल्याजवळ दुसरे कोणतेही साधन नाही.

आणि पैनगंगा. तिच्या उत्तरेला वाशीम, पुसद, उमरखेड. तो मुलूख वऱ्हाडचा, १८५३ पासून इंग्रजांच्या कारभारातला. अलीकडे आपण, निझामाचे. दोन्ही काठांवर एकच भाषा, एकच देव, आपसांत सोयरिकी. मामाच्या गावी राहून शिकलेला भाचा वऱ्हाडच्या शाळेत आणि त्याचा थोरला भाऊ हिंगोलीच्या मदरशात, अशी घरे आमच्याकडे होती. मुक्तिसंग्रामात सीमेपलीकडे कॅम्प उभे राहिले, रझाकारांच्या भीतीने कुटुंबेच्या कुटुंबे नदी ओलांडून गेली. वसमत तालुक्यातल्या वापटीच्या बहिर्जी शिंद्यांसारखे तरुण हुतात्मे झाले. मग १७ सप्टेंबर १९४८ आला आणि संस्थान भारतात सामील झाले. त्यानंतरच्या दिवसांत मराठवाड्यात मुसलमानांवरही फार वाईट वेळ आली, हे सुंदरलाल समितीने लिहून ठेवले आहे. त्या एका वर्षाच्या रजिस्टरात दोन्ही दुःखे शेजारी शेजारी असणार. आधी कोणाची नावे कमी झाली, नंतर कोणाची, आणि त्यांतले कोण परत येऊन पुन्हा दाखल झाले. हा भाग कुणी तरी थंड डोक्याने, कुणावर डूख न धरता वाचायला हवा. शाळेचा कागद त्याला सगळ्यात बरा, कारण तो लिहिणाऱ्या कारकुनाला कुणाची बाजू मांडायची नव्हती.

१९४८ नंतरचा पालट तर कुणी नीट सांगितलेलाच नाही. उर्दूत सातवीपर्यंत आलेली मुले मराठीत आठवी शिकू लागली. ज्या मुदर्रिसांनी जन्मभर उर्दूत भूमिती शिकवली, त्यांतल्या कित्येकांनी मराठी परिभाषा नव्याने पाठ केली. मराठीतून शिकवणारे शिक्षक विदर्भातून, पश्चिम महाराष्ट्रातून आले. मुसलमान मुलांसाठी उर्दू वर्ग राहिले, ते पुढे उर्दू शाळा होऊन आजही आहेत. मराठवाड्यात १९५० पर्यंत पदवीचे कॉलेज नव्हते. त्या वर्षी औरंगाबादेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या संस्थेचे आणि नांदेडात स्वामीजींचे पीपल्स, अशी दोन कॉलेजे उभी राहिली. त्या कॉलेजांच्या पहिल्या तुकड्या कुठून आल्या? मराठवाड्याच्या याच हायस्कुलांतून. पाया घालणाऱ्याचे नाव कोनशिलेवर येत नाही, तसे या हायस्कुलांचे झाले.

१ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, आणि १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा सुरू झाल्यावर निझामी सरकारची हायस्कुले त्यांच्याकडे आली. पुण्या-साताऱ्याकडच्या माणसाला हे समजावून सांगावे लागते. तिकडे हायस्कूल म्हटले की एखादी शिक्षणसंस्था. कर्मवीरांची रयत १९१९ पासून खेड्यापाड्यांत पसरलेली. आमच्याकडे तालुक्याचे हायस्कूल म्हणजे जिल्हा परिषदेची प्रशाला. सरकारने स्वतः चालवलेली, फीच्या नावाने घाबरवत नसलेली. मुदलियार आयोगाने १९५२-५३ मध्ये सुचवले, की माध्यमिक शाळेत शास्त्र आणि भाषांबरोबर शेती, तांत्रिक, वाणिज्य, गृहशास्त्र, कला असे सात मार्ग असावेत, म्हणजे प्रत्येक मुलाला त्याच्या कलाप्रमाणे वाट मिळेल. त्यातून बहुविध प्रशाला निघाल्या. हिंगोलीच्या प्रशालेच्या नावात ते आजही आहे, आणि लोक तिला मल्टिपर्पजच म्हणतात. कार्यशाळा, सुतारकामाची हत्यारे, प्रयोगशाळेतली उपकरणे, हे सारे डेड स्टॉक रजिस्टरात उतरलेले असते. ती वही मी फार मोलाची मानतो. एखाद्या गावाने आपल्या मुलांबद्दल काय स्वप्न पाहिले होते, ते त्यात नगावारी लिहिलेले असते: तराजू किती, सूक्ष्मदर्शक किती, आणि त्यांतले निर्लेखित केव्हा झाले.

या शाळांचा इतिहास का लिहिला गेला नाही, याचा मी खूप विचार केला आहे. संस्थेच्या शाळेला संस्थापक असतो. त्याची तसबीर असते, जयंती असते, सुवर्णमहोत्सवाला स्मरणिका निघते, माजी विद्यार्थी लेख लिहितात. सरकारी प्रशालेला संस्थापक नाही. मुख्याध्यापक बदलून येतात, बदलून जातात. जो शिक्षक शाळेला ओळखू लागतो, त्याची बदली होते आणि शाळेची आठवण त्याच्या ट्रंकेतून दुसऱ्या गावाला जाते. त्यामुळे १९६० आणि १९७० च्या दशकांत वसमत, कळमनुरी, हिंगोलीच्या प्रशालांतून जुनी अकरावी पास झालेली हजारो माणसे तलाठी झाली, डॉक्टर झाली, इंजिनिअर झाली, बागायतदार झाली, पण त्यांच्या शाळेला चार पानांचा छापील इतिहास नाही. १९७५ मध्ये नव्या दहावीची पहिली परीक्षा झाली, त्याच्याआधी १९७२ चा दुष्काळ येऊन गेला. त्या दुष्काळात खडी फोडायला गेलेली मुले किती, आणि पाऊस झाल्यावर वर्गात परत आलेली किती? ‘शाळा सोडल्याचे कारण’ या रकान्यात ‘सततची गैरहजेरी’ असे मी स्वतः लिहिले आहे. ते लिहिताना त्या मुलाचे घर माझ्या डोळ्यांपुढे असे, पण रकान्यात दोनच शब्द मावत. मुलीच्या नावापुढे तर बहुतेक वेळा कारण विचारावेच लागत नसे.

आज प्रशालेत मूल घालणे म्हणजे नाइलाज, असे गावोगाव समजले जाते. इंग्रजी माध्यमाच्या पिवळ्या गाड्या खेड्यांच्या वेशीपर्यंत येतात. पट घटतो, मग संचमान्यतेत शिक्षक घटतात, मग पट आणखी घटतो. हे चक्र आपल्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. ते एका इतिहासाच्या पुस्तकाने थांबेल असे म्हणण्याइतका मी भाबडा नाही. पण आपली शाळा कोण होती हे गावाला ठाऊक नसेल, तर ती बंद होताना गाव उभे राहत नाही, हे मी पाहिले आहे.

औंढा नागनाथ तालुक्यात, दुधाळ्याजवळ, लायगो-इंडियाची वेधशाळा होते आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आणि त्यांत अवकाशातून येणाऱ्या गुरुत्वीय लहरी मोजायच्या. ज्या औंढ्यात विसोबा खेचरांनी नामदेवांना देव कुठे नाही ते दाखवले असे आपण सांगत आलो, तिथे आता जगभरातले शास्त्रज्ञ येतील. आमच्या प्रशालेतली मुलगी तिथे कोणत्या दाराने जाईल? चहाच्या टपरीवर तिच्या भावाला काम मिळेल, याचे मला सुख आहेच. पण तिला भौतिकशास्त्र शिकवणारा शिक्षक आठवी ते दहावीच्या वर्गावर कायम असावा, आणि मुदलियारांच्या वेळी घेतलेली प्रयोगशाळा कुलूप काढून पुन्हा चालू व्हावी, हे त्याहून मोठे मागणे आहे. ते आपल्या अधिकारातले जितके आहे, तितके तरी आपण करावे.

रजिस्टरांबद्दल माझे मागणे तर अगदी आटोक्यातले आहे. स्कॅन करायचेच आहे, तर वहीची सगळी पाने, कव्हरापासून शेवटच्या कोऱ्या पानापर्यंत, एकदाच नीट स्कॅन करा. जनरल रजिस्टराबरोबर हजेरीची मस्टरे, तपासणी अधिकाऱ्यांची शेरेबुके, निकालपत्रके, डेड स्टॉक, ग्रंथालयाची दाखल नोंदवही, जे काही १९७५ च्या आधीचे उरले असेल ते सगळे घ्या. मूळ वह्या शाळेतच किंवा जिल्ह्यातच राहाव्यात, वाळवी आणि ओल लागणार नाही अशा जागी. आपला जिल्हा १ मे १९९९ ला झाला. त्याआधीचे शिक्षण विभागाचे दप्तर परभणीचे. तिथल्या आपल्या समपदस्थांशी बोलून आपल्या पाच तालुक्यांपुरत्या नकला तरी मागवा.

एक काळजी मात्र घ्यावी लागेल. या वह्यांत जिवंत माणसांच्या जाती आहेत, जन्मतारखा आहेत, नापास झाल्याच्या नोंदी आहेत. त्या सरसकट संगणकावर उघड्या टाकू नयेत. संबंधित कुटुंबाला त्याचा उतारा मिळावा, अभ्यासकाला नावे झाकून आकडे मिळावेत, आणि लोकांसमोर जावा तो शाळेचा इतिहास.

उर्दू वाचणारे निवृत्त शिक्षक आपल्या जिल्ह्यात आहेत. समितीच्या कामासाठी जी नावे गोळा झाली असतील, त्यांनाच हे काम द्या. उर्दू माध्यमाच्या शाळांतल्या शिक्षकांना बरोबर घ्या. हा इतिहास त्यांच्याशिवाय लिहिताच येणार नाही. फौकानियात बसलेली माणसे आता नव्वदीला टेकली आहेत. प्रशालेतल्या नववीच्या मुलांना प्रकल्प म्हणून द्या, की आपापल्या गावातल्या अशा आजोबांकडे जा आणि ते बोलतील ते उतरवून घ्या, मोबाइलवर आवाज भरून घ्या. मुले हे काम फार चांगले करतात. प्रश्न कसे विचारायचे, फसली साल इसवीत कसे आणायचे, याची एक दिवसाची कार्यशाळा मी आणि माझ्याबरोबरचे दोन-तीन निवृत्त शिक्षक तालुक्याच्या ठिकाणी येऊन घेऊ. मानधन नको. बसायला एक वर्ग आणि फळा द्या. सुरुवात कळमनुरीपासून केली तर बरे, तिथल्या म्हाताऱ्यांशी माझी ओळख आहे. पावसाळा लागायच्या आत आपण तारीख कळवावी.

आपला,
प्रशालेतून निवृत्त झालेला एक शिक्षक